रमाबाई रानडे

रमाबाई महादेव रानडे (पूर्वाश्रमीच्या यमुना कुर्लेकर, २५ जानेवारी, इ.स. १८६२ – इ.स. १९२४) या महाराष्ट्रातील समाजसुधारक, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि लेखिका होत्या. मुंबईच्या सेवासदनाच्या अध्यक्षा आणि पुण्याच्या सेवासदनाच्या संस्थापक म्हणून त्या विशेष ओळखल्या जातात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्यांचे पती होत. रुग्णसेवा हे हलके व कमीपणाचे काम समजले जात होते, त्या काळात त्यांनी विधवा आणि निराधार स्त्रियांना परिचारिका होण्यासाठी पुढे आणले. परिचारिकेवर पडणारा ताण केवळ रुग्णालयातील नसतो, समाजाच्या तिरस्काराचाही असतो, हे ओळखून त्यांनी तिच्यासाठी निवारा, सोबत आणि प्रतिष्ठा यांची व्यवस्था उभी केली.

बालपण आणि विवाह

रमाबाईंचा जन्म तत्कालीन सातारा जिल्ह्यातील, सध्याच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. त्यांचे माहेरचे नाव यमुना. घराण्यात मुलींना लिहिणे-वाचणे शिकविण्याची प्रथा नसल्यामुळे विवाहापर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती.

इ.स. १८७३ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे त्या वेळी बत्तिशीच्या उंबरठ्यावर होते व त्यांच्या पहिल्या पत्नीचे त्याच वर्षी निधन झाले होते. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असल्यामुळे त्यांनी विधवेशी विवाह करावा, अशी सुधारकांची अपेक्षा होती. तथापि वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी कुमारिकेशी विवाह केला. त्यामुळे त्यांच्यावर टीका झाली. विवाहानंतर लगेचच त्यांनी पत्नीच्या शिक्षणास आरंभ केला.

शिक्षण आणि घरातील विरोध

रानडे यांनी रमाबाईंना प्रथम मराठी लेखन-वाचन शिकविले. पुढे इतिहास, भूगोल, गणित आणि इंग्रजी यांचा अभ्यास सुरू झाला. रानडे यांचे कुटुंब मोठे होते. घरात सासुरवाडीच्या ज्येष्ठ स्त्रिया व नात्यातील विधवा राहत असत. सुनेने पुस्तक हाती घेणे, त्यातही इंग्रजी शिकणे, त्यांना मान्य नव्हते. टोमणे, अबोला, स्वयंपाकघरातील कामांतून व बोलण्यातून बाजूला टाकणे अशा मार्गांनी हा विरोध व्यक्त होत असे. दिवसभर घरातील वडीलधाऱ्यांची मर्जी सांभाळायची आणि उरलेल्या वेळात अभ्यास करायचा, अशी दुहेरी ओढाताण रमाबाईंच्या वाट्याला अनेक वर्षे आली.

या काळात त्यांनी उलट उत्तर न देता शिकणे चालू ठेवले. पतीचा पाठिंबा हा त्यांचा मुख्य आधार होता, परंतु घरातील स्त्रियांचा रोष त्यांना एकटीलाच सोसावा लागत असे. ज्या घरात राहायचे तेथेच परके ठरण्याचा हा अनुभव त्यांनी पुढे आपल्या आठवणींत कोणाविषयीही कटुता न ठेवता नोंदविला आहे. सेवासदनात येणाऱ्या स्त्रियांची अवस्था त्यांना समजू शकली, त्यामागे हा अनुभवही होता.

इ.स. १८७८ मध्ये रानडे यांची बदली नाशिक येथे व पुढील वर्षी धुळे येथे झाली. मोठ्या कुटुंबापासून दूर असलेल्या या वर्षांत रमाबाईंना अभ्यासास आणि स्त्रियांमध्ये मिसळण्यास अधिक मोकळीक मिळाली.

सार्वजनिक कार्याचा आरंभ

इ.स. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाजाची स्थापना झाली. रमाबाई रानडे या समाजाच्या कार्यात सहभागी झाल्या. पंडिता रमाबाईंच्या सभांना जाण्याबद्दल त्यांना घरी पुन्हा बोलणी ऐकावी लागली. इ.स. १८८४ मध्ये पुण्यात मुलींच्या हायस्कुलाची मागणी पुढे आली. त्या निमित्ताने भरलेल्या सभेत त्यांनी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर इंग्रजीतून निवेदन वाचले. त्याच वर्षी सुरू झालेली ही शाळा पुढे हुजूरपागा या नावाने प्रसिद्ध झाली.

इ.स. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहापान केल्याच्या कारणावरून रानडे, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ कृष्ण गोखले आदींवर ग्रामण्य आले. बहिष्काराचा जाच घरातील स्त्रियांना अधिक जाणवत असे. धार्मिक कार्यासाठी ब्राह्मण मिळणे, आप्तांचे येणे-जाणे, सण-समारंभ या सर्वांत अडथळे येत. इ.स. १८९२ मध्ये रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले.

मुंबईतील वर्षे

इ.स. १८९३ मध्ये रानडे यांची मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदी नियुक्ती झाली आणि हे कुटुंब मुंबईस गेले. मुंबईत रमाबाईंनी आर्य महिला समाजाचे काम चालू ठेवले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर प्रभृतींच्या सहकार्याने सुरू झालेल्या हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब या संस्थेमार्फत स्त्रियांसाठी भाषा, सामान्यज्ञान, शिवणकाम व हस्तकला यांचे वर्ग चालविण्यात आले.

इ.स. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली व पुढे ती पुण्यासह इलाख्यात पसरली. सक्तीने रुग्णालयात नेले जाण्याची लोकांना धास्ती वाटे. रुग्णालय हे बरे होण्याचे नव्हे, तर मरण्याचे ठिकाण आहे, अशी समजूत या काळात दृढ झाली. पुढे रुग्णालयात काम करू इच्छिणाऱ्या स्त्रियांच्या वाटेत ही समजूत मोठा अडसर ठरणार होती.

पतीचे आजारपण आणि निधन

इ.स. १९०० च्या अखेरीस रानडे यांचा हृदयविकार बळावला. त्यामुळे लाहोर येथे भरलेल्या सामाजिक परिषदेस त्यांना जाता आले नाही. त्यांचे भाषण घेऊन गोखले लाहोरला गेले. रानडे यांनी कामावरून दीर्घ रजा घेतली. या आजारपणात रमाबाई त्यांच्या शुश्रूषेत होत्या. रात्रीची जागरणे, वेदनेचे झटके, थोडा उतार पडला की वाटणारी आशा आणि पुन्हा वाढणारी काळजी यांचे तपशीलवार वर्णन त्यांच्या आठवणींत आढळते. १६ जानेवारी, इ.स. १९०१ रोजी मुंबईत रानडे यांचे निधन झाले.

या निधनानंतर रमाबाई पुण्यातील आपल्या जुन्या घरी राहावयास गेल्या. सुमारे वर्षभर त्या सार्वजनिक जीवनापासून अलिप्त राहिल्या. अपत्य नसलेल्या, चाळिशीच्या आतील विधवेने उरलेले आयुष्य व्रतवैकल्यांत घालवावे, हीच त्या काळची रीत होती. रमाबाईंनी विधवेचे साधे राहणे स्वीकारले, मात्र घराच्या चौकटीत राहण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही.

सेवाकार्याकडे वळण

एकांतवासातून बाहेर पडल्यानंतर रमाबाईंनी पुण्यातील तुरुंगाच्या स्त्री-विभागास नियमित भेटी देण्यास सुरुवात केली. बंदिवान स्त्रियांना वाचून दाखवणे, त्यांची विचारपूस करणे आणि त्यांचा आत्मसन्मान जागा करणे, असे या भेटींचे स्वरूप होते. सुधारगृहातील मुलांना त्या सणासुदीला भेटत. रुग्णालयातील रुग्णांना त्या फळे, फुले आणि पुस्तके नेऊन देत. आप्त नसलेल्या किंवा आप्तांनी सोडलेल्या रुग्णांशी त्यांचा संबंध या भेटींतून आला.

इ.स. १९०४ मध्ये मुंबईत सामाजिक परिषदेच्या निमित्ताने भारत महिला परिषद भरली. तिचे अध्यक्षपद रमाबाईंनी भूषविले. स्त्रियांच्या प्रश्नांसाठी स्त्रियांनीच एकत्र येण्याचा हा देशातील आरंभीचा मोठा प्रयत्न होता.

सेवासदनाची स्थापना

इ.स. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी स्त्रियांसाठी आश्रयस्थान आणि भारतीय स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण देणारी संस्था काढण्याची कल्पना मांडली. त्यासाठी त्यांनी रमाबाईंकडे मार्गदर्शन व साहाय्य मागितले. यातून मुंबईचे सेवासदन उभे राहिले व रमाबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या.

इ.स. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कार्यात त्यांचे प्रमुख सहकारी होते. आरंभीचे वर्ग रमाबाईंच्या राहत्या वाड्यात भरत. लेखन-वाचन, शिवण, प्रथमोपचार, शिक्षिका-प्रशिक्षण, परिचर्या अशा शाखा क्रमाने सुरू झाल्या. इ.स. १९१५ मध्ये पुणे सेवासदनाची स्वतंत्र संस्था म्हणून नोंदणी झाली.

परिचारिकांचे प्रशिक्षण

तत्कालीन परिस्थिती

भारतात स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी इ.स. १८८५ मध्ये डफरिन फंड स्थापन झाला. इ.स. १८८६ मध्ये मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. त्याच सुमारास मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात परिचारिकांच्या प्रशिक्षणाची सोय झाली. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी प्रशिक्षित परिचारिका प्रामुख्याने युरोपीय, अँग्लो-इंडियन किंवा भारतीय ख्रिस्ती असत. हिंदू समाजातील, विशेषतः वरिष्ठ जातींतील स्त्रिया या व्यवसायात क्वचितच येत.

याची कारणे अनेक होती. रुग्णाचे मलमूत्र, रक्त आणि मृतदेह यांचा स्पर्श विटाळ मानला जाई. कोणत्याही जातीच्या रुग्णाला हाताळावे लागणे हे सोवळ्याच्या कल्पनेविरुद्ध होते. परपुरुषाची शुश्रूषा आणि रात्री घराबाहेर राहणे यांवरून स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवले जाई. बाळंतपणाचे काम परंपरेने सुईणींकडे होते, परंतु समाजात त्यांना मान नव्हता.

परिचारिकांवरील ताण

त्या काळी क्षय, प्लेग, पटकी, विषमज्वर आणि बाळंतरोग यांवर परिणामकारक औषधे उपलब्ध नव्हती. प्रतिजैविके वैद्यकीय वापरात येण्यास अद्याप तीन दशकांहून अधिक काळ होता. त्यामुळे रुग्णालयातील परिचारिकेच्या कामाचा मोठा भाग बरे न होणाऱ्या रुग्णाजवळ थांबण्याचा असे. ताप उतरविण्यासाठी ओल्या घड्या ठेवणे, कूस बदलणे, जखमा धुणे, पाणी पाजणे आणि अखेरच्या क्षणी सोबत असणे, हेच तिच्या हाती होते. इ.स. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत भारतात एक कोटीहून अधिक लोक मरण पावले. मुंबई इलाखा हा या साथीचा जबर तडाखा बसलेल्या प्रदेशांपैकी एक होता.

विधवा परिचारिकेच्या बाबतीत हा भार अधिक होता. अनेकींनी स्वतःच्या घरात लहान वयात मृत्यू पाहिलेला असे आणि त्या मृत्यूचा दोषही त्यांनाच दिला गेलेला असे. विधवेचे दर्शन अशुभ मानणाऱ्या समाजात तिने रुग्णाच्या उशाशी बसणे काहींना खटकत असे. रुग्णालयातील कामाचा शीण घेऊन परतल्यावर घरी तिचे स्वागत होण्याऐवजी तिला दूर ठेवले जाण्याचीच शक्यता अधिक होती. याचा अर्थ, ज्या ठिकाणी थकवा उतरावा ते ठिकाणच तिला नव्हते.

सेवासदनाची व्यवस्था

पुणे सेवासदनाने परिचारिकांच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयाशी संबंध जोडला. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय इ.स. १८६७ पासून पुण्यात कार्यरत होते. प्रशिक्षणाचे प्रत्यक्ष काम रुग्णालयात आणि राहण्याची, सामान्य शिक्षणाची सोय संस्थेकडे, अशी ही विभागणी होती. संस्थेने वसतिगृहे सुरू केली. त्यांतील एक वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींसाठी, तर एक उमेदवारी करणाऱ्या परिचारिकांसाठी होते.

या व्यवस्थेचे महत्त्व केवळ निवाऱ्यापुरते नव्हते. एकटीने घराबाहेर पडलेल्या स्त्रीला सारखेच काम करणाऱ्या इतर स्त्रियांची सोबत वसतिगृहात मिळाली. आपल्या मुलीला किंवा सुनेला रमाबाईंच्या संस्थेत पाठवताना कुटुंबांचा संकोच कमी होत असे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नीचे नाव, त्यांचे स्वतःचे वैधव्य आणि साधी राहणी यांमुळे चारित्र्यावरील संशयाला उत्तर मिळत असे. संस्थेतील शिक्षणामुळे परिचारिकेचे काम हे दयेपोटी मिळालेली मजुरी न राहता प्रमाणपत्र असलेला व्यवसाय ठरले आणि स्वतःच्या कमाईमुळे तिचे नातेवाइकांवरील अवलंबित्व कमी झाले.

ससून रुग्णालयाच्या आवारातील वैद्यकीय शाळेतही सेवासदनाच्या विद्यार्थिनी शिक्षणासाठी जात असत. पुढे संस्थेचे काम पुण्याबाहेरही पोहोचले.

पारितोषिक समारंभातील प्रसंग

सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभातील प्रसंग रमाबाईंच्या चरित्रांत सांगितला जातो. केशवपन केलेली, आलवण नेसलेली एक विधवा विद्यार्थिनी पारितोषिक घेण्यासाठी व्यासपीठावर येत असताना सज्जात बसलेल्या काही तरुण विद्यार्थ्यांनी तिची हेटाळणी केली. समारंभाच्या शेवटी आभार मानण्यासाठी उभ्या राहिलेल्या रमाबाईंनी या तरुणांना खडसावले. प्रत्येकाच्या घरात अशी एखादी विधवा आई, बहीण किंवा आत्या असते, याची आठवण त्यांनी करून दिली. एरवी सौम्य व मितभाषी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रमाबाईंचा हा संताप उपस्थितांना अनपेक्षित होता. स्वतःवरील टीका त्यांनी आयुष्यभर मूकपणे सहन केली होती. मात्र आपल्या विद्यार्थिनींनी तसेच मूकपणे सोसावे, ही अपेक्षा त्यांनी ठेवली नाही.

अखेरची वर्षे

गुजरात व काठियावाडात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाईंनी तेथे जाऊन मदतकार्य संघटित केले. आषाढी व कार्तिकीच्या यात्रांच्या वेळी सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन त्या आळंदीस जात आणि यात्रेकरू स्त्रियांना प्रथमोपचार देत. उतारवयातही त्यांनी हा क्रम चालू ठेवला. वारीतील सेवेमुळे रुग्णसेवेला सर्वसामान्य स्त्रियांच्या श्रद्धेच्या जगात स्थान मिळण्यास मदत झाली.

पुण्यात मुलींसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, या मागणीसाठी इ.स. १९२० च्या सुमारास झालेल्या चळवळीत रमाबाईंचा पुढाकार होता. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा, या मागणीसाठीही त्यांनी काम केले. इ.स. १९२१ मध्ये मुंबई कायदेमंडळाने स्त्रियांच्या मताधिकारास मान्यता दिली.

इ.स. १९२४ मध्ये पुणे येथे रमाबाईंचे निधन झाले.

लेखन

रमाबाईंचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक इ.स. १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीतील स्त्रियांच्या आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. पतीच्या चरित्राच्या निमित्ताने लिहिलेल्या या पुस्तकात एकत्र कुटुंबातील स्त्रीजीवन, शिक्षणासाठीची धडपड आणि रुग्णशय्येजवळचे दिवस यांचे चित्रण आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद इ.स. १९३८ मध्ये आणि कुसुमावती देशपांडे यांनी केलेला दुसरा अनुवाद इ.स. १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यायमूर्ती रानडे यांची धर्मपर व्याख्यानेही रमाबाईंनी प्रसिद्ध केली.

परिचर्येच्या इतिहासातील स्थान

रमाबाई स्वतः प्रशिक्षित परिचारिका नव्हत्या आणि मरणासन्न रुग्णांसाठी वेगळी संस्था त्यांनी काढली नाही. अशा रुग्णांच्या शुश्रूषेचे आधुनिक शास्त्र त्यांच्यानंतर विकसित झाले. परिचारिका, समाजसेविका आणि डॉक्टर अशा तीनही भूमिकांत काम केलेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी इ.स. १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, इ.स. १९८६ मध्ये मुंबईत सुरू झाले. सेवा देणाऱ्यांच्या मानसिक थकव्याचा शास्त्रीय अभ्यासही इ.स. १९७० च्या दशकात सुरू झाला. मृत्यू वारंवार जवळून पाहणे, रुग्णाच्या नातेवाइकांचे दुःख झेलणे, अपुरे मनुष्यबळ आणि कामाची कदर न होणे ही या थकव्याची कारणे मानली जातात. सहकाऱ्यांचा आधार, कामानंतरची विश्रांती, मन मोकळे करण्याची संधी, शिक्षण आणि कामास मिळणारा मान यांमुळे तो सुसह्य होतो, असे आज मानले जाते.

यांपैकी सोबत, निवारा, शिक्षण आणि मान या गोष्टींसाठी सेवासदनाने इ.स. १९०९ नंतरच्या काळात प्रयत्न केले. सहनशीलता हा परिचारिकेचा गुण मानला जातो. तिच्या सहनशीलतेवर सर्व भार टाकून चालणार नाही, तिला टिकवून धरणारी व्यवस्थाही लागते, हा रमाबाईंच्या कार्याचा आशय आहे. त्याच वेळी या कार्याला मर्यादाही होत्या. आरंभीचा विद्यार्थिनीवर्ग मुख्यतः शहरी आणि वरिष्ठ जातींतील होता. सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनांशी संस्थेने उघड संघर्ष करण्यापेक्षा हळूहळू वाट काढण्याचे धोरण ठेवले. विधवेच्या वेषाची रूढी मोडण्यापेक्षा त्या वेषातील स्त्रीला काम व प्रतिष्ठा मिळवून देण्यावर रमाबाईंचा भर होता.

स्मृती

* भारतीय डाक विभागाने इ.स. १९६२ मध्ये रमाबाईंच्या सन्मानार्थ टपाल तिकीट काढले.
* पुण्यातील सेवासदन ही संस्था शैक्षणिक कार्य करीत आहे. सोलापूर येथेही सेवासदनाचे कार्य चालते.
* झी मराठी वाहिनीवर इ.स. २०१२ मध्ये प्रसारित झालेली 'उंच माझा झोका' ही मालिका रमाबाईंच्या जीवनावर आधारित होती.